भाचा निवासी अकॅडमीत परत जायला तयार नाही, पाठीवर वळ आहेत, तक्रार कुठं आणि कशी करायची? (सातारा जिल्हा)

कोयनाकाठची मावशी

नमस्कार मंडळी. एरवी मी इथं रेसिपीच्या नाहीतर एसटीच्या धाग्यावर असते, आज वेगळंच विचारायचंय आणि घरात कुणाशी बोलायची सोय राहिली नाही म्हणून इथं लिहितेय. माझ्या बहिणीचा मुलगा पाचवीत आहे. जूनपासून त्याला एका निवासी अकॅडमीत ठेवलाय, सैनिक स्कूल आणि नवोदयची तयारी करून घेतात त्यातली, आता तर प्रत्येक तालुक्याला बोर्ड लागलेत असले. दिवाळीच्या सुट्टीला आला आणि पोरगं ओळखू येईना. रात्री अंथरूण ओलं करतोय, लहानपणी सुटलेली सवय ती. पहिल्या आंघोळीला शर्ट काढेना. बहीण म्हणाली मोठा झाला, लाजतोय. मी उटणं लावायला बसवलं आणि शर्ट वर केला तर पाठीवर पट्ट्याचे वळ, काही जुने काळे पडलेले आणि दोन अगदी ताजे. विचारलं तर म्हणाला जिन्यात पडलो.

मग भाऊबीजेच्या रात्री माझ्याजवळ झोपला होता तेव्हा आपणहून बोलला. लाईट बंद झाल्यावर एक सर त्यांच्या खोलीत बोलावतात, आणि मावशी तू आईला सांगू नको, सर म्हणलेत सांगितलं तर पप्पांनी भरलेले पैसे बुडतील. एवढंच. पुढं गप्प. मी पण खोदलं नाही, खरं सांगायचं तर पुढचं ऐकायची हिंमत झाली नाही.

दाजींच्या कानावर घातलं तर त्यांनी सरळ अकॅडमीच्या संचालकालाच फोन लावला. दुसऱ्या दिवशी संचालक घरी हजर, हातात कंदी पेढ्याचा बॉक्स आणि बरोबर आमच्याच भावकीतला एक पुढारी. चहा झाला, पोहे झाले. पोरं नाटकं करतात, घरची आठवण येते, शिस्त लावावीच लागते, त्या सरांना आम्ही समज देतो, राहिलेली फी पण बघू, पण विषय बाहेर जायला नको कारण शेवटी प्रश्न तुमच्या मुलाच्या भविष्याचा आहे, असं सगळं. दाजी नुसती मान हलवत होते. भाचा तेवढा वेळ आतल्या खोलीत कपाट आणि भिंतीच्या मधे उभा होता, बाहेर गाडी चालू झाल्याचा आवाज आला तेव्हाच तो तिथून निघाला.

सोमवारी त्याला परत सोडायचं असं घरात ठरलंय. बहीण रडते पण दाजींपुढं बोलत नाही. मला विचारायचंय ते असं की आई बाप नको म्हणत असताना मावशीला तक्रार करता येते का, कुठं करायची, पोरग्याला पोलीस स्टेशनात नेऊन बसवतील का, आणि त्याचं वर्ष वाया जाईल का? प्लीज कुणाला नीट माहिती असेल तर सांगा, ऐकीव नको.

ॲडमिन

धागा राहू देतोय. पण अकॅडमीचं नाव, गाव, सरांचं आडनाव, मुलाबद्दल ओळख पटेल असं काहीही कुणी लिहायचं नाही, अंदाज पण बांधायचे नाहीत. तसले प्रतिसाद विचारल्याशिवाय उडवले जातील.

साधा_माणूस

ताई राग मानू नका पण थोडं सबुरीनं घ्या. मुलगा आहे, मुलगी नाही. मार तर आम्ही पण खाल्लाय, छडीशिवाय कोण शिकलं? दुसरी गोष्ट, तो काय म्हणाला त्यातनं नक्की काय झालं ते कुठं कळतंय. पोलीस केस झाली की गावभर होतं, उद्या पोराचं लग्न जमवताना लोक तेच काढतात. गुपचूप काढून घ्या अकॅडमीतनं, फी परत घ्या आणि विषय संपवा. संचालक स्वतः घरी आला म्हणजे माणूस वाईट नसणार.

कृष्णाकाठ

@साधा_माणूस, माणूस चांगला असता तर त्या सराला त्याच दिवशी घरी बसवून पोलिसात गेला असता, पेढे घेऊन फिरला नसता. पुढाऱ्याला कशाला आणलं होतं बरोबर, फराळाला?

आणि मुलगा आहे मुलगी नाही हे काय लॉजिक आहे? केंद्राच्या महिला बालविकास मंत्रालयाने २००७ ला १३ राज्यांत १२ हजारांवर मुलांशी बोलून अभ्यास केला होता, त्यात लैंगिक छळ झाल्याचं सांगणाऱ्यांत निम्म्याहून जरा जास्त मुलगे होते. मुलगे सांगत नाहीत, कारण सांगितलं की असले सल्ले मिळतात.

सांगलीची वकीलीण

उशिरा बघितला धागा. मी सांगलीत वकिली करते, बाल कल्याण समितीपुढं (मुलांच्या संरक्षणाचे निर्णय घेणारी जिल्ह्याची समिती) आणि पोक्सोच्या, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक गुन्ह्यांच्या कायद्याच्या, स्पेशल कोर्टात नेहमी जाणंयेणं असतं. मोठं लिहितेय, सगळं वाचा.

पहिलं, मावशी तक्रार करू शकते. शेजारी करू शकतो, शिपाई करू शकतो, मूल स्वतः करू शकतं. पोक्सो कायदा २०१२ चा, त्याचं कलम १९ म्हणतं की असा गुन्हा घडलाय किंवा घडायची भीती आहे हे ज्याला कळलं त्याने पोलिसांना कळवायचंच. इथं मर्जीचा प्रश्नच नाही. नाही कळवलं तर कलम २१ खाली ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड, आणि संस्थेचा प्रमुख असून हाताखालच्या माणसाचं लपवलं तर १ वर्षापर्यंत. म्हणजे तुमच्या घरी पोहे खाऊन गेलेल्या संचालकाला दाजींच्या फोनवरनं काय झालं ते कळलं असेल तर त्यानेच कळवायला हवं होतं. तुम्ही चांगल्या हेतूने सांगितलं आणि उद्या सिद्ध नाही झालं तरी तुमच्यावर काही येत नाही, ते पण कलम १९ मधेच आहे. गुन्हा सिद्ध करणं हे तुमचं काम नाही, तपास पोलिसांचा.

राजुऱ्याचं प्रकरण आठवत असेल बघा, चंद्रपूर जिल्ह्यातलं, वसतिगृहातल्या आदिवासी मुलींचं. मुलींवर उपचार करणाऱ्या डॉक्टरने कळवलं नाही म्हणून गुन्हा दाखल झाला, हायकोर्टाने तो रद्द केला आणि सुप्रीम कोर्टाने नोव्हेंबर २०२२ मधे हायकोर्टाचा निकाल फिरवला, की माहिती असून न कळवणं हा गंभीर गुन्हा आहे. आणि मिटवामिटवीचं म्हणाल तर नोव्हेंबर २०२४ चा निकाल आहे राजस्थानच्या एका शिक्षकाचा, मुलीच्या वडिलांनी तडजोड केली म्हणून हायकोर्टाने केस काढून टाकली होती, सुप्रीम कोर्टाने परत उभी केली. त्यामुळं दाजींनी उद्या स्टॅम्पवर सही करून दिली तरी असला गुन्हा मिटत नसतो, दाजींना हे तुम्ही शांतपणे सांगा, कदाचित त्यांनाही कुणीतरी असं सांगायला हवं असेल. फी भरून बसलेला बाप कात्रीत असतो, मी बरेच बघितलेत.

आता पोलीस स्टेशनचं. कलम २४ प्रमाणे मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला बरं वाटेल तिथं घ्यायचा, शक्यतो महिला पीएसआय किंवा वरच्या अधिकारी, आणि घेताना अंगावर वर्दी नको. रात्री मुलाला पोलीस स्टेशनात ठेवायचं नाही म्हणजे नाही. जबाबाला मुलाचा ज्याच्यावर विश्वास आहे तो माणूस बसू शकतो, म्हणजे तुम्ही बसा. पोलिसांनी २४ तासांत बाल कल्याण समितीला आणि स्पेशल कोर्टाला कळवायचं असतं. मग समिती एक सहाय्यक व्यक्ती नेमून देऊ शकते जी केस संपेपर्यंत मुलाच्या आणि घरच्यांच्या सोबत राहते, हे लोकांना माहीतच नसतं, मागून घ्या. मेडिकल एफआयआरच्या आधी पण करता येतं. वळ पुसट व्हायच्या आत सिव्हिलला दाखवा, डॉक्टरने ते मोजून कागदावर लिहिले पाहिजेत.

नुसत्या मारावर पण कायदा आहे हां, छडी खाऊन मोठं झालेल्यांसाठी सांगते. बाल न्याय कायदा २०१५ कलम ७५, मूल ज्याच्या ताब्यात आहे त्याने मारहाण केली तर ३ वर्षांपर्यंत, आणि मुलांची काळजी ज्या संस्थेकडं सोपवलीय तिचा चालक किंवा नोकर असेल तर ५ वर्षांपर्यंत सक्तमजुरी. शाळेत तर २००९ च्या आरटीई म्हणजे शिक्षण हक्क कायद्यापासूनच मारायला बंदी आहे.

पोराशी बोलायचं कसं हे सगळ्यात महत्त्वाचं. तुम्ही खोदलं नाही ते बरंच झालं. "सरांनी इथं हात लावला का, तिथं लावला का" असं विचारू नका, उद्या कोर्टात समोरचा वकील म्हणतो मावशीने शिकवलं. तो बोलेल तेव्हा ऐका, "मग?" एवढंच म्हणा. त्याचेच शब्द जसेच्या तसे वहीत लिहा, तारीख वेळ टाका, शुद्धलेखन सुधारू नका त्याचं. कुणाला सांगणार नाही असं वचन देऊ नका कारण ते मोडावं लागणार. उलट सांगा की पप्पांचे पैसे बुडाले तरी चालतील. या पोराच्या गळ्यात सगळ्यात मोठा दगड तोच आहे, असं तुमच्या लिहिण्यावरनं मला दिसतंय. मोबाईलवर त्याचा व्हिडिओ काढून फॅमिली ग्रुपवर टाकायचा नाही, ओळख उघड करणं हा कलम २३ खाली वेगळा गुन्हा आहे आणि त्याला ६ महिने ते १ वर्ष कैद किंवा दंड आहे.

वर्ष वाया जात नाही. अकॅडमीत ठेवलेल्या पोरांचं नाव बऱ्याचदा कुठल्यातरी तिसऱ्याच शाळेच्या पटावर असतं. तुमच्या गावच्या झेडपी शाळेत जा, दाखला यायला उशीर झाला म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, आरटीई कलम ५. पाचवीचा वर्ग गावात नसला तर जवळच्या शाळेत.

निवृत्त गुरुजी, तासगाव

वकीलताईंनी कायद्याचं सगळं सांगितलं, त्यात माझी भर नको. मी वसतिगृह सांभाळलंय, रेक्टर होतो बरीच वर्षं, त्यामुळं आतली बाजू सांगतो.

आपल्या भागात बोर्डिंग या शब्दाला फार मान. कर्मवीर अण्णांनी १९२४ ला साताऱ्यात सगळ्या जातीची पोरं एका पंगतीला बसवली, आणि धान्य संपलं तेव्हा लक्ष्मीबाईंनी मंगळसूत्र मोडून पोरांना जेवू घातलं, हे ऐकत आपण मोठे झालो. त्यामुळं पोरं सांभाळणारा माणूस म्हणजे पुण्यवान असं आपलं आधीच ठरलेलं असतं. त्या पुण्याईवर आज कुणीही पत्र्याचं शेड मारून निवासी वर्ग काढतो आणि आपण हात जोडून पोरगं सोडून येतो. अण्णांची पोरं स्वतः दळत होती, स्वयंपाक करत होती, पण अण्णा आणि वहिनी त्यांच्यातच राहत होते हो. इथं संचालक राहतो शहरात बंगल्यात, आणि रात्री ८० पोरांवर एक विशीतला सर, त्याला पगार किती आणि तो कुठून आला हे कुणी विचारत नाही. पोक्सोच्या २०२० च्या नियमांत आहे की मुलांशी रोजचा संबंध येणाऱ्या प्रत्येक माणसाचं पोलीस व्हेरिफिकेशन करायचं, कंत्राटी असला तरी. आमच्याकडं आचाऱ्याचं पण केलं होतं, तो चिडला होता, चिडू दे म्हटलं.

बदलापूरच्या शाळेतलं लहान मुलींचं प्रकरण झालं ऑगस्ट २०२४ मधे आणि जो तो सीसीटीव्ही सीसीटीव्ही करायला लागला. कॅमेरा गेटवर असतो, पोरं झोपतात ती खोली त्यात कधीच येत नाही, आणि येऊ पण नये. माझ्या अनुभवात उपयोग कशाचा झाला तर तीन चार साध्या गोष्टींचा. रेक्टरच्या खोलीत एकटं पोर बोलवायचं नाही, बोलवलं तर दार सताड उघडं. रात्रीची फेरी दोघांनी मारायची. आणि पोराला घरी फोन करायचा तर तो कुणी शेजारी उभं न राहता करता आला पाहिजे. आता या अकॅडम्या रविवारी फोन देतात आणि स्पीकरवर टाकून सर शेजारी बसतो. पोरगं काय बोलणार? बरं आहे म्हणतं. मी पालकांना सांगायचो की न कळवता अवेळी या, बुधवारी दुपारी या, पोराला घेऊन बाहेर रस्त्यापर्यंत चालत जा. ज्या संस्थेला हे चालत नाही तिथनं पोरगं त्याच दिवशी काढा.

तुमच्या भाच्यासाठी वाईट वाटलं. तो बोलला तुमच्यापाशी, हे फार झालं.

जतकर

गुरुजी बरोबर बोलले. पण मी एक म्हणतो, या पोराला मावशी तरी आहे. आमच्या जत आटपाडीकडची माणसं दिवाळी झाली की कोयता घेऊन कारखान्याला जातात ते पार उन्हाळ्यात येतात, बीडकडनं आपल्याकडं येतात ती वेगळीच. मागं राहिलेली पोरं आजीकडं नाहीतर हंगामी वसतिगृहात नाहीतर कुठल्यातरी आश्रमशाळेत. त्यांचं उटणं कोण लावतंय आणि पाठ कोण बघतंय. २०१८ ला आपल्याच वाळवा तालुक्यात कुरळपच्या आश्रमशाळेतलं मुलींवरच्या अत्याचाराचं प्रकरण निघालं होतं, संस्थाचालकालाच अटक झाली होती. तेव्हा सगळे हळहळले, महिनाभर पेपरात आलं, परत आहे तसं.

ताई तुम्ही तुमचा भाचा काढून आणाल, पण त्या सरच्या खोलीशेजारी अजून पोरं झोपतात ना. म्हणून गुपचूप काढून घ्या म्हणणाऱ्यांचं ऐकू नका एवढंच.

साधा_माणूस

ठीक आहे, माझं मत मागे घेतो असं नाही पण एक शंका खरंच आहे. एवढे महिने पोरगं गप्प का बसलं? गुरुजी म्हणतात तसा रविवारी घरी फोन तर होत असेल ना.

मेलबर्नचा कराडकर

याचं उत्तर मी देतो. इथं ऑस्ट्रेलियात सरकारने २०१३ ते २०१७ रॉयल कमिशन चालवलं, चर्च, अनाथालयं, शाळा, स्पोर्ट्स क्लब, कुणालाच सोडलं नाही. ८ हजारांवर माणसं एकेकटी बंद खोलीत बसून कमिशनसमोर बोलली, त्यात साठी सत्तरीतले आजोबा होते. झालेलं पहिल्यांदा कुणालातरी सांगायला सरासरी जवळपास २४ वर्षं लागली होती. हा पाच महिन्यांत बोलला. आणि ज्यांनी लहानपणी सांगायचा प्रयत्न केला त्यातल्या कितीतरी जणांचं म्हणणं एकच, की मोठ्यांनी संस्थेलाच जाऊन विचारलं, संस्थेने त्या माणसाची दुसरीकडं बदली केली आणि तो तिथं तेच करत राहिला. "आम्ही समज देतो" हे वाक्य वाचलं तेव्हा मला तेच आठवलं.

२०१८ च्या ऑक्टोबरमधे इथल्या पंतप्रधानांनी पार्लमेंटमधे माफी मागितली, त्याच वर्षी भरपाईची योजना पण चालू झाली. पण रोजच्या जगण्यात मला जाणवतं ते छोटं आहे. मी रविवारी पोरांना क्रिकेट शिकवतो, फुकट, तरी मला तपासणी करून कार्ड काढावं लागलं, त्याशिवाय मैदानात पाय ठेवू देत नाहीत. सुरवातीला अपमान वाटला होता.

कोयनाकाठची मावशी

सगळ्यांचे आभार, वाचताना हात थरथरत होते. काल रात्री बहिणीला वकीलताईंचा प्रतिसाद मोठ्याने वाचून दाखवला, दाजी बाहेर ओट्यावर होते, त्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने वाचला. ते आत आले नाहीत पण सोमवारी सोडायचं नाही एवढं सकाळी म्हणाले. तक्रारीला अजून नाही म्हणतात, तो पुढारी कारखान्यात आहे आणि दाजींचा ऊस त्याच कारखान्याला जातो, तोडीची तारीख लांबवतील अशी भीती. माझं ठरलंय, मी जाणार. बहीण बरोबर येते म्हणालीय.

दोन गोष्टी अजून. आमच्या इथल्या पोलीस स्टेशनात त्या पुढाऱ्याची उठबस आहे, त्यांनी घेतलीच नाही तक्रार तर? आणि १०९८ ला, मुलांच्या हेल्पलाइनला, फोन केला तर नक्की काय होतं, कुणी घरी येतं का?

सांगलीची वकीलीण

१०९८ चोवीस तास चालू असतो, फुकट आहे. आधी संस्थेमार्फत चालायचा, २०२३ पासून सरकारकडं आलाय आणि ११२ ला जोडलाय. फोन घेणाऱ्याला मुलाचं वय, आता तो कुठं आहे आणि काय दिसलं एवढं सांगा, माझं नाव उघड करू नका म्हणून सांगितलं तरी चालतं. जिल्ह्यातला त्यांचा माणूस संपर्क करतो, गरज पडली तर घरी येतो, बाल कल्याण समितीपुढं न्यायची व्यवस्था पण तेच बघतात. पोलीस स्टेशनला जायच्या आधीच हा फोन करा, म्हणजे तुम्ही आत शिराल तेव्हा विषय वर पोचलेला असतो.

तक्रार लेखी न्या, दोन प्रती, एकीवर शिक्का आणि तारीख घ्या. गुन्हा नोंदवून न घेणाऱ्या पोलिसालाही तेच कलम २१ लागतं, हे सौम्य आवाजात एकदा सांगून बघा. बदलापूरला पालकांना तासन्‌तास बसवून ठेवलं होतं आणि त्याबद्दल हायकोर्टाने स्वतःहून दखल घेऊन पोलिसांना झापलं होतं, तेव्हापासून जरा धाक आहे. तरी घेतली नाहीच तर साताऱ्याला एसपी ऑफिसला लेखी द्या, पोस्टाने पण चालतं. गुन्हा कुठल्याही पोलीस स्टेशनला झिरो नंबरने नोंदवता येतो, त्यामुळं त्या पुढाऱ्याच्या स्टेशनातच गेलं पाहिजे असं पण नाही. एफआयआरची प्रत फुकट मिळते, घेतल्याशिवाय उठू नका.

तक्रारीत एक वाक्य आठवणीने घाला, की तिथं अजून मुलं राहतात आणि त्यांच्याशी पण बोललं जावं. जतकर म्हणतात ते खरंय. अकॅडमी बऱ्याचदा ना बालगृह म्हणून नोंदलेली असते ना शाळा म्हणून, त्यामुळं तपासणीला कुणीच जात नाही. १६ वर्षांखालच्या पोरांना कोचिंगला घेऊ नका अशी केंद्राची जानेवारी २०२४ ची गाइडलाइन आहे, ती पाचवीच्या पोरांचे निवासी वर्ग काढणाऱ्यांनी वाचलेली दिसत नाही. लेखी आलं की बाल कल्याण समितीला हालचाल करावीच लागते.

पुढं अत्याचारग्रस्तांसाठी सरकारची मनोधैर्य योजना पण आहे, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडनं मदत मिळते, समुपदेशन पण. तो अर्ज नंतर बघू. आधी सिव्हिल आणि वळांचा कागद. पोराला सांगून न्या कुठं चाललोय ते, फिरायला चाललोय असं खोटं सांगू नका. बुधवारी मी साताऱ्याला कोर्टात आहे, व्यनि (खाजगी निरोप) करते तुम्हाला.

जतकर

वकीलताई, आमच्या गावाजवळच्या वसतिगृहाबद्दल मला पण विचारायचं होतं. वळबिळ काही बघितलेलं नाही मी, पण दोन पोरं पळून आली होती आणि परत नेऊन सोडली. एवढ्यावर १०९८ ला फोन करता येतो का?

सांगलीची वकीलीण

येतो. पळून आलेली पोरं का पळाली हे कुणी विचारलं का, एवढंच त्यांना बघायला सांगा. कुठल्या महिन्यात पळाली आणि परत कुणी नेऊन सोडलं ते आठवत असेल तर फोनच्या आधी कागदावर उतरवून ठेवा.